नाटकाचे नेपथ्य, वाद्ये आणि प्रदर्शनाचा माल परदेशी नेऊन परत आणताना: एटीए कार्नेची पूर्ण प्रक्रिया

पुण्या-मुंबईचे एखादे नाटक अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांच्या दौऱ्यावर निघते, शास्त्रीय गायकाबरोबर मिरजेचे दोन तानपुरे युरोपात जातात, कोल्हापूरचा फाउंड्री-उद्योजक हॅनोवरच्या औद्योगिक प्रदर्शनात आपल्या ओतीव भागांचे नमुने मांडतो. या सगळ्यांचा माल सीमाशुल्क खात्यापुढे एकाच पेचात सापडतो. माल विकायचा नसतो, काही आठवडे वापरून किंवा दाखवून तो परत आणायचा असतो. परंतु परदेशातील विमानतळावरच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो देशात येणारा माल असतो आणि अशा मालावर एकतर आयातशुल्क भरावे लागते किंवा तेवढ्या रकमेची अनामत ठेवावी लागते. चार देशांचा दौरा असेल तर हे चार वेळा करावे लागते, आणि मायदेशी परतल्यावर हा माल इथूनच गेला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी पुन्हा आपल्यावरच येते.

या पेचातून सोडवणारी व्यवस्था ६ डिसेंबर १९६१ रोजी ब्रुसेल्स येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्माण केली आणि १९९० च्या इस्तंबूल कराराने तिचा विस्तार केला. तिच्या आधारे दिल्या जाणाऱ्या पुस्तिकेला एटीए कार्ने म्हणतात. ही एकच पुस्तिका प्रत्येक सदस्य देशात तात्पुरत्या आयातीच्या स्थानिक कागदांची जागा घेते, आणि माल परत न गेल्यास शुल्क भरण्याची हमी त्या देशातील हमीदार संस्था घेते. भारतात कार्ने देण्याचे आणि हमी घेण्याचे काम फिक्की ही उद्योग-व्यापार महासंघाची संस्था करते. कार्नेची मुदत देण्याच्या तारखेपासून जास्तीत जास्त एक वर्षाची असते, आणि या मुदतीत तोच माल कितीही वेळा बाहेर जाऊन परत येऊ शकतो. मात्र प्रत्येक फेरीसाठी लागणारी पाने आधीच मागून घ्यावी लागतात.

कार्ने मिळवणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते प्रत्येक सीमेवर योग्य पानावर योग्य शिक्का घेऊन ते बंद करणे. बहुतेक नुकसान तिथेच होते, आणि ते माल सुखरूप घरी पोहोचल्यानंतर बऱ्याच महिन्यांनी समोर येते.

कार्ने खरोखरच हवे का, हे आधी ठरवावे

एक तबलावादक आपला तबला-डग्गा घेऊन एका कार्यक्रमासाठी निघाला असेल, तर कार्नेचा खर्च सहसा करू नये. इस्तंबूल कराराच्या प्रवासी-सामानाविषयीच्या परिशिष्टात सोबत नेता येणारी वाद्ये, कॅमेरा, लॅपटॉप यांचा वैयक्तिक वस्तूंमध्ये समावेश आहे आणि बहुतेक देश अशा वस्तू प्रवाशाबरोबर विनाशुल्क येऊ देतात. अशा वेळी भारताच्या बाजूची काळजी तेवढी घ्यावी. निघताना विमानतळावरील कस्टम्सच्या खिडकीवर वस्तू दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परत येताना तिच्यावर शुल्क आकारले जाणार नाही. हे प्रमाणपत्र सामान विमान कंपनीच्या ताब्यात देण्यापूर्वीच घ्यावे लागते, कारण अधिकाऱ्याला वस्तू प्रत्यक्ष पाहायची असते.

याउलट, नेपथ्याचे फ्लॅट, प्रकाशयोजनेचे दिवे, ध्वनिसंच, पोशाखांच्या पेट्या असा संघाचा माल असेल, चित्रीकरणाचे महागडे साहित्य असेल किंवा प्रदर्शनातील यंत्र असेल, तर कार्नेच योग्य. व्यावसायिक साहित्याच्या व्याख्येत रंगकर्मी, नाट्यसंस्था आणि वाद्यवृंद यांची वाद्ये, वेशभूषा आणि नेपथ्य यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याला जोडलेली अट मात्र अनेक संघांच्या लक्षात राहत नाही: हे साहित्य परदेशातून आलेल्या व्यक्तीने स्वतः किंवा तिच्या देखरेखीखाली वापरायचे असते. तिकडच्या मंडळाने विनंती केली म्हणून ध्वनिसंच त्यांच्या स्थानिक कार्यक्रमाला भाड्याने देणे किंवा पुढच्या दौऱ्यापर्यंत नेपथ्य त्यांच्या गोदामात ठेवून येणे म्हणजे या अटीचा भंग होय.

दुसरा प्रश्न देशाचा. अमेरिका, ब्रिटन, युरोपीय संघाचे सर्व देश, स्वित्झर्लंड, जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, संयुक्त अरब अमिराती, आणि जिथे मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे तो मॉरिशस, हे सारे या व्यवस्थेत आहेत. नेपाळ आणि बांगलादेश नाहीत. तिथे माल न्यायचा तर तिथल्या कस्टम्स एजंटमार्फत अनामत किंवा बंधपत्र देऊन तात्पुरती आयात करावी लागते आणि भारतात शिपिंग बिल हा कस्टम्सचा निर्यात-अर्ज भरावा लागतो. देश सदस्य असला तरी तो प्रत्येक प्रयोजनासाठी कार्ने स्वीकारतोच असे नाही. प्रदर्शन, व्यावसायिक साहित्य आणि व्यापारी नमुने ही तीन मुख्य प्रयोजने आहेत. चीन अनेक वर्षे फक्त प्रदर्शनाच्या मालासाठी कार्ने स्वीकारत होता. बाकीच्या दोन प्रयोजनांसाठी त्याने जानेवारी २०१९ पासून दारे उघडली. म्हणून अर्ज करण्यापूर्वी देश आणि प्रयोजन यांची जोडी फिक्कीकडून तपासून घ्यावी. नुसते देशाचे नाव विचारून काम भागत नाही.

कार्नेमध्ये काय घालू नये, हेही इथेच सांगितलेले बरे. मध्यंतरात विकायची पुस्तके आणि टी-शर्ट, वाटायची पत्रके, रंगभूषेचे साहित्य, प्रेक्षकांना द्यायचे पेढे, प्रदर्शनात फोडून दाखवायचे नमुने, यांपैकी काहीही परत येणार नाही. त्यामुळे त्यांना कार्नेमध्ये जागा नाही आणि त्यांची रीतसर निर्यात करावी लागते. दुरुस्तीसाठी किंवा प्रक्रियेसाठी जाणारा मालही कार्नेवर जात नाही. तानपुऱ्याच्या सुट्या तारा आणि तबल्याच्या सुट्या पुड्या यांच्याबाबत मी नेहमी सांगतो की त्या यादीत लिहू नयेत. त्या वापरल्या जातात, जुन्या फेकल्या जातात, आणि परतीच्या वेळी यादीतले नग भरत नाहीत.

यादी हा कार्नेचा प्राण आहे

पुस्तिकेतील सर्वसाधारण यादी एकदा मंजूर झाली की तीत एकही वस्तू वाढवता येत नाही. यादीतल्यापेक्षा कमी वस्तू घेऊन निघता येते, त्या वेळी कोणते अनुक्रमांक जात आहेत एवढे त्या फेरीच्या पानावर लिहावे लागते. पण जास्त वस्तू कधीच नेता येत नाही. त्यामुळे न्यायची शक्यता असलेली प्रत्येक वस्तू यादीत असावी आणि ती परतही आणता येईल याची खात्री असावी.

यादीत अनुक्रमांक, वस्तूचे वर्णन आणि खुणा, नगसंख्या, वजन किंवा आकारमान, किंमत आणि मूळ देश असे रकाने असतात. आता एक ओळ प्रत्यक्ष लिहून पाहू. ‘वाद्ये, ४ नग, ६० किलो, रु. २,००,०००’ अशी ओळ पाहून परदेशातील अधिकारी पेटी उघडायला सांगेल आणि त्याचे बरोबरच असेल, कारण या ओळीवरून चार वाद्ये कोणती हे त्याला कळू शकत नाही. तीच ओळ मोडून चार ओळी कराव्यात. पहिलीत ‘तानपुरा, स्त्रीस्वराचा, चार तारा, भोपळा आणि लाकूड, मिरज बनावट, दांडीच्या मागे धातूची पट्टी क्र. टी-१’ असे लिहून पुढे त्या एकट्या वाद्याचे वजन, किंमत आणि मूळ देश भारत असे भरावे. दुसऱ्या तानपुऱ्याला टी-२. हार्मोनियमला तिच्यावर कोरलेला क्रमांक. तबला-डग्गा जोडीची एक ओळ, पण नग दोन. मिरजेच्या तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी प्रत्येक वाद्यावर कारखान्यातून आलेला क्रमांक नसतो. म्हणून छोटी पट्टी बसवून स्वतःचा क्रमांक द्यावा आणि पट्टीसह वाद्याचे छायाचित्र जवळ ठेवावे. माईक, मिक्सर, कॅमेरा, लेन्स यांचा अनुक्रमांक वस्तूवरून पाहून लिहावा, बिलावरून उतरवू नये, कारण दुरुस्तीत बदलून आलेल्या यंत्राचा क्रमांक बिलाशी जुळत नाही.

मूळ देशाचा रकाना गंभीरपणे भरावा. जपानी कॅमेरा भारतात विकत घेतला तरी त्याचा मूळ देश भारत होत नाही. किंमत वस्तूच्या आजच्या स्थितीतील खरी व्यापारी किंमत असावी. कमी लिहिली तर तारण कमी लागते हे खरे, परंतु वस्तू हरवली किंवा तिच्यावर दावा आला तर तीच किंमत तुमच्या विरुद्ध उभी राहते, आणि विम्याच्या कागदातील रकमेशी ती जुळली नाही तर दोन्ही कागदांवर शंका येते. यादी संपल्यावर नगांची आणि किमतीची बेरीज अंकी व अक्षरी लिहून उरलेली जागा रेघ मारून बंद करावी. पोशाखांच्या बाबतीत ‘पैठणी, जांभळी, जरीकाठी, २ नग’ इतके वर्णन पुरते. प्रत्येक बटणाची नोंद करण्याची गरज नाही.

अर्ज, तारण आणि कागद

फिक्कीकडे अर्ज करताना यादीबरोबर अर्जदाराचा पॅन, व्यापारी संस्था असल्यास आयात-निर्यात संकेतांक, प्रदर्शनाचे किंवा आयोजक मंडळाचे निमंत्रणपत्र, जायच्या आणि वाटेत लागणाऱ्या देशांची नावे व प्रत्येक देशातील फेऱ्यांची संख्या, आणि माल सोबत नेणाऱ्या व्यक्तीच्या नावाचे अधिकारपत्र द्यावे लागते. संघाचा व्यवस्थापक आणि एजंट हे दोघेही माल हाताळणार असतील तर दोघांची नावे प्रतिनिधी म्हणून घालावीत; दौऱ्याच्या मध्यावर एक जण आजारी पडला तर दुसऱ्याला पाने सादर करता आली पाहिजेत.

शुल्काशिवाय तारणही द्यावे लागते. ते बँक गॅरंटी किंवा रोख अनामत अशा स्वरूपात असते आणि ज्या देशांत जायचे आहे तेथील शुल्काचा विचार करून त्याची रक्कम ठरते. बँक गॅरंटी काढायला बँकेला जितका वेळ लागतो तितकाच बहुधा संपूर्ण अर्जाला लागतो, म्हणून व्हिसाच्या कागदपत्रांबरोबरच हे काम हाती घ्यावे. फेऱ्या मोजताना प्रवासाचा मार्गही पाहावा: माल एखाद्या देशातून जमिनीवरून फक्त पार होणार असेल तर त्या देशासाठी वाहतुकीची निळी पाने लागतात, आणि ती ऐन वेळी सीमेवर मिळत नाहीत.

जीएसटीचा कागद वेगळा असतो आणि कार्ने हाती आले की तो विसरला जातो. प्रदर्शनासाठी किंवा निर्यातवृद्धीच्या हेतूने विक्रीविना बाहेर जाणाऱ्या मालाबद्दल १८ जुलै २०१९ च्या परिपत्रक क्र. १०८/२७/२०१९ ने स्पष्टता आणली आहे. असे पाठवणे हा पुरवठा धरला जात नाही, त्यामुळे बंधपत्र किंवा हमीपत्र लागत नाही; माल जीएसटीच्या नियम ५५ प्रमाणे डिलिव्हरी चलनावर (बीजकाऐवजी मालासोबत जाणाऱ्या कागदावर) जातो आणि त्याची नोंद ठरलेल्या नमुन्यात ठेवावी लागते. मात्र माल निघाल्यापासून सहा महिन्यांत तो विकलाही गेला नाही आणि परतही आला नाही, तर सहा महिने संपताच पुरवठा झाला असे मानले जाते आणि बीजक काढावे लागते. कार्नेची मुदत एक वर्षाची आणि ही मुदत सहा महिन्यांची, या दोन्ही तारखा एकाच ठिकाणी लिहून ठेवाव्यात. कार्नेवर गेलेला माल परदेशात विकायचा ठरला तर ते कार्नेच्या अटींत बसत नाही, आणि तिथले आयातशुल्क, शिवाय कदाचित दंडही, भरावा लागतो, हेही या निमित्ताने लक्षात असू द्यावे.

शिक्क्यांचा प्रवास

कार्नेचे आवरण हिरवे असते. आतली पिवळी पाने भारतातून बाहेर जाण्याची आणि परत येण्याची, पांढरी पाने परदेशातील प्रवेश आणि निर्गमनाची, तर निळी वाहतुकीची. प्रत्येक पानाचे दोन भाग असतात: एक अधिकारी फाडून आपल्याकडे ठेवतो आणि दुसरा, स्थळप्रतीचा भाग, पुस्तिकेतच राहतो. तुमचा पुरावा म्हणजे हीच स्थळप्रत. ती कोरी राहिली तर बाकी काहीही उपयोगाचे नाही.

निघताना भारतीय कस्टम्सकडे माल आणि कार्ने दोन्ही सादर करावे लागतात. माल कार्गोने जात असेल तर मुंबईत सहारच्या एअर कार्गो संकुलात किंवा समुद्रमार्गे न्हावा शेवा येथे, बहुधा कस्टम्स ब्रोकरमार्फत. आणि प्रवाशाबरोबर जात असेल तर विमानतळावर, सामान चेक-इन करण्यापूर्वी. अधिकारी यादी तपासतो, खुणा पडताळतो, आवरणावर पडताळणीची नोंद करतो, पिवळ्या निर्यात पानावर जाणाऱ्या वस्तूंचे अनुक्रमांक लिहितो आणि परत आणण्याची अंतिम तारीख घालून शिक्का मारतो. खिडकी सोडण्यापूर्वी ती तारीख, अनुक्रमांक, सही आणि शिक्का या चारही गोष्टी स्थळप्रतीवर आहेत ना, हे स्वतः वाचून पाहावे. घाईच्या वेळी अधिकारी पान फाडून घेतो आणि स्थळप्रतीवर शिक्का मारायचा राहून जातो, असे खरोखर घडते.

परदेशात उतरल्यावर काही जाहीर करायचे नसलेल्यांच्या हिरव्या मार्गाने बाहेर पडू नये. माल जाहीर करण्याच्या लाल मार्गाने जाऊन पांढरे आयात पान सादर करावे. इथे अधिकारी पुनर्निर्यातीची एक अंतिम तारीख लिहितो, आणि ती कार्नेच्या मुदतीपेक्षा बरीच अलीकडची असू शकते. कार्ने अजून आठ महिने चालणार असले तरी त्या देशातून माल या लिहिलेल्या तारखेपूर्वीच बाहेर पडला पाहिजे. दौरा वाढण्याची शक्यता असेल तर हे त्या खिडकीवरच सांगून तारीख पुढची मागावी, आणि नंतर गरज पडली तर मुदत संपण्यापूर्वी तिथल्या कस्टम्सकडे अर्ज करावा.

निघताना पांढऱ्या पुनर्निर्यात पानावर शिक्का घेणे हीच सर्वांत जास्त चुकणारी पायरी आहे. कार्यक्रम रात्री संपतो, पहाटेचे विमान असते, विमानतळावर कस्टम्सची खिडकी प्रवेशद्वारापासून लांब असते, आणि थकलेला संघ सामान देऊन मोकळा होतो. याला उपाय एकच: आयोजकांकडून त्या विमानतळावरील कस्टम्सच्या कामाच्या वेळा आधी मागवून घ्याव्यात, आणि एका व्यक्तीने केवळ याच कामासाठी दोन-तीन तास आधी पोहोचावे.

युरोपीय संघ सीमाशुल्काच्या दृष्टीने एकच प्रदेश आहे. पॅरिसला उतरून ब्रुसेल्स आणि फ्रँकफर्टला कार्यक्रम करून ॲमस्टरडॅमहून परतायचे असेल, तर आयातीचा शिक्का पॅरिसला आणि पुनर्निर्यातीचा ॲमस्टरडॅमला, मध्ये काहीच नाही. परंतु फ्रँकफर्टनंतर बासेल किंवा झुरिकला एक कार्यक्रम घेतला की चित्र बदलते: स्वित्झर्लंड संघाबाहेर असल्यामुळे सीमेवर जर्मन पुनर्निर्यात आणि स्विस आयात असे दोन शिक्के, परतताना पुन्हा स्विस पुनर्निर्यात आणि संघात नवी आयात. बसने किंवा व्हॅनने जाताना ही सीमा न थांबता ओलांडता येते, म्हणूनच ती धोक्याची आहे. ब्रिटनही १ जानेवारी २०२१ पासून वेगळा प्रदेश झाला आहे.

मायदेशी परतल्यावर पिवळ्या पुनर्आयात पानावर शिक्का घ्यावा. परदेशात पुनर्निर्यातीचा शिक्का राहून गेला असेल तर माल तिथून बाहेर पडल्याचा पहिला पुरावा म्हणून हाच शिक्का कामी येतो.

कार्ने जे सोडवत नाही

कार्ने फक्त शुल्काचा प्रश्न सोडवते. वन्यजीव, वनस्पती, विमानसुरक्षा यांचे नियम तसेच उभे असतात. जुन्या सतारीची किंवा बीनेची घोडी सांबराच्या शिंगाची असेल, किंवा दांडीवरच्या नक्षीत हस्तिदंत असेल, तर ते वाद्य नेऊ नये. वन्यजीव संरक्षण कायदा, आणि हस्तिदंताच्या बाबतीत साइट्स हा धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करारही आड येतो आणि वाद्य जप्त होऊ शकते. शिसवी लाकडाच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून साइट्सच्या परवान्यातून सूट मिळाली आहे, तरी वाद्याचे लाकूड कोणते हे सांगता आले पाहिजे. ऑस्ट्रेलियात चामडे, सुका भोपळा, बांबू यांची जैवसुरक्षा तपासणी होते. मृदंग, पखवाज, तानपुरा, बासऱ्या आगमनपत्रकात जाहीर कराव्यात आणि स्वच्छ, कीड नसलेल्या स्थितीत न्याव्यात. नेपथ्य लाकडी पेट्यांत जात असेल तर पेट्यांवर आयएसपीएम १५ या मानकाची उष्णता-प्रक्रियेची खूण हवी. वायरलेस माईक आणि कॅमेऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या सहसा चालतात, १०० ते १६० पर्यंतच्यांना विमान कंपनीची परवानगी लागते.

माल हरवला, मोडला किंवा शिक्का राहिला तर

चोरी झाली म्हणून शुल्क माफ होत नाही, कारण चोरीचा माल त्या देशातच राहिलेला असतो. तरीही पोलिसांतील तक्रारीची प्रत लगेच घ्यावी आणि कस्टम्सला व फिक्कीला कळवावे. नेपथ्याचा एखादा भाग इतका मोडला की परत आणणे निरर्थक, तर तो कचऱ्यात टाकून येऊ नये. तिथल्या कस्टम्ससमोर तो नष्ट करून तसा दाखला घ्यावा. पुस्तिका हरवली तर फिक्कीकडे दुसरी प्रत मागता येते. वर्षापेक्षा जास्त मुदत लागणार असेल तर मुदत संपण्यापूर्वी बदली कार्नेसाठी अर्ज करावा. ते स्वीकारायचे की नाही हे त्या देशाचे कस्टम्स ठरवते.

परदेशातील कस्टम्सला पुनर्निर्यातीचा कागद मिळाला नाही तर ते त्याच देशातील हमीदार संस्थेकडे दावा करते आणि तो फिक्कीमार्फत तुमच्यापर्यंत पोहोचतो. कार्नेची मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत हा दावा करावा लागतो. त्यानंतर पुरावा देण्यासाठी संस्थेला सहा महिने मिळतात. ते गेले की रक्कम भरावी लागते, आणि भरल्यावर पुरावा सापडलाच तर तो देण्यासाठी आणखी तीन महिने. हमीदार संस्थेची जबाबदारी आयातशुल्क आणि त्यावर आणखी दहा टक्के एवढ्या रकमेहून जास्त असत नाही, पण तेवढी रक्कमही एका नाट्यसंघाचे वर्षाचे गणित बिघडवायला पुरेशी असते. पुरावा म्हणून पुढच्या देशातील आयातीचा शिक्का किंवा भारतातील पुनर्आयातीचा शिक्का चालतो. तोही नसेल तर माल आज भारतात आहे असा कस्टम्सचा दाखला मिळवावा. असा दावा मिटवताना नियमितीकरणाचे शुल्क आकारले जाऊ शकते.

म्हणून परतल्याबरोबर सगळ्या स्थळप्रतींची, आवरणाची आणि यादीची स्वच्छ छायाप्रत काढावी, बोर्डिंग पास आणि एअरवे बिले (विमानाने माल पाठवल्याच्या पावत्या) तिच्यासोबत लावावीत, आणि मूळ पुस्तिका फिक्कीकडे लगेच जमा करावी. पुस्तिका तपासून सर्व पाने जुळली की तारण सोडवण्याचे पत्र मिळते. ते घेऊन बँकेकडे जावे आणि गॅरंटी रद्द झाल्याचे लेखी घ्यावे. छायाप्रती कार्नेची मुदत संपल्यानंतर निदान दोन वर्षे जपून ठेवाव्यात, कारण दाव्याला मिळणारे एक वर्ष आणि त्यापुढचे पुराव्याचे महिने तेवढ्यात पूर्ण होतात.